सत्यवतीची न सारवलेली भिंत

आमच्या घराच्या मागच्या पडवीची भिंत मातीची आहे आणि ती मी बांधलेली आहे. हे आधी सांगतो, कारण माझी बहीण सत्यवती हिची गोष्ट त्या भिंतीशिवाय सांगता येत नाही.

तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. लाल माती, वारुळाची माती, पेंढ्याचे बारीक तुकडे, सगळं पायांनी तुडवून लोण्यासारखं केलं. एक थर सुकेपर्यंत दुसरा द्यायचा नाही, ही वडिलांची शिस्त. पुढचं घर नंतर चिऱ्याचं झालं, पण मागची भिंत तशीच राहिली. केवढाले पाऊस झाले, वादळं झाली, माझ्या भिंतीला तडा नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. पण मातीतलं मला कळतं तेवढं आमच्या वाडीत दुसऱ्या कोणाला कळत नाही, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो.

सत्यवती माझ्या पाठची. घरात तिला सगळे बाय म्हणायचे. बांद्याला दिली होती. घोव लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती परत आमच्याकडे आली. माहेरी परत आलेल्या बाईला लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. आमच्या घराविषयी तसं बोलायची कोणाची हिंमत झाली नाही, कारण दारात मी उभा होतो. आणि माझी बायको लक्ष्मी, तिनेही कधी वेगळं ताट मांडलं नाही.

बाय आधी काजूच्या कारखान्यात जायची. काजूच्या तेलाने बोटं काळी पडायची, सालं निघायची. मग तिने ते सोडलं आणि पडवीमागच्या तुकड्यात वांगी-मिरची लावली. शिरोड्याच्या बाजारात तिची वांगी उठायची आधी. पण एका वर्षी काय झालं कोण जाणे, झाडं फुलांनी भरलेली आणि वांगं धरायचं नाव नाही. फुलं सुकून खाली पडायची. बाय ती ओंजळीत घेऊन पायरीवर बसायची.

त्याच सुमाराला ग्रामपंचायतीत कोणी आकांक्षा नावाची कॉलेजातली मॅडम फुलांवर फिरणाऱ्या माशांविषयी सांगायला आली. सगळ्यांना वाटलं मधाच्या पेट्या फुकट वाटणार. सभागृह भरलं. मॅडमने सांगितलं की या मधमाशा नाहीत, त्यांच्या चुलतबहिणी आहेत. एकेकट्या राहतात, पोळं नाही, राणी नाही, मध नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "मध देणत नाय तर पोसूचे कित्याक? जावय म्हणान?" सगळे हसले, मॅडमही हसली. हळूहळू मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मीही उठलो, म्हशीची वेळ झाली होती. बाय बसून राहिली.

सगळे गेल्यावर तिने विचारलं. "मॅडम, माज्या वांग्याक फुला येतत, पन धरनत नाय. ह्येच्यात ह्या माश्यांचा काय असता काय?"

मॅडम तशीच चालत आमच्याकडे आली. वांग्यात वाकून बघितलं, म्हणाली, "सकाळी ऊन तापायच्या आधी इथे बसा. काही करू नका. फक्त बघा."

बाय बसायला लागली. आणि एका सकाळी धावत आत आली, पायाची माती न झाडता.

"दादा, गावली. फुलाक मिठी मारता आनी थरथरता. अशी सुर्रर करून. फुलातसून पीठ सांडता."

"मगे?"

"मगे काय मगे? वांग्याच्या फुलातलो पराग असो हलवल्याशिवाय भायर येना नाय. म्होवाच्या माशीक ता जमना नाय. हिकाच जमता. काळी आसा, पोटार निळे पट्टे. पैठणीच्या काठासारके."

मी जाऊन बघितलं. खरंच निळे पट्टे होते. इतक्या वर्षांत मी त्या वांग्यात किती वेळा उभा राहिलो असेन.

त्या माशा यायला लागल्या तशी वांगी पुन्हा धरली, आणि तिथून तिला तो नादच लागला. सुरुवातीला चुकायची. एकदा मोठ्या डोळ्यांची, पिवळ्या पट्ट्यांची एक माशी बाटलीत धरून मॅडमला दाखवायला ठेवली, आणि मॅडम म्हणाली ही त्या घराण्यातलीच नव्हे, ही साधी माशी, सोंग घेतलेली. मग शिकली. साध्या माशीला पंख दोन, हिला चार. साध्या माशीच्या मिशा बारक्या, हिच्या लांब. कंबर बारीक आणि अंग गुळगुळीत असेल तर ती गांधीलमाशीच्या घराण्यातली. अंगावर लव असेल, पायांना किंवा पोटाला पिवळं पीठ लागलेलं असेल, तर आपली. तुरीच्या पानाला कोणी गोल चकती कापून नेली असेल तर ती पान कापणारी. वाशाला बोटाएवढं भोक पाडून खाली भुसा पाडते ती मोठी काळी, जिला आपण भुंगो म्हणतो. आणि विजेच्या मीटरच्या पेटीत राहणाऱ्या त्या चिलटाएवढ्या काळ्या, त्या चावतच नाहीत.

रात्री जेवताना माझी परीक्षा घ्यायची.

"दादा, आज सकाळी तुळशीर होती ती खंयची?"

"माशी."

"खंयची माशी?"

"उडणारी."

लक्ष्मीला हसू आवरायचं नाही. "गो बाय, तेंका कित्याक इचारतंस? तेंका आपले म्हशी वळकाक येनत नाय."

हे खोटं आहे. माझ्या म्हशी मी अंधारात आवाजावरून ओळखतो.

त्या वर्षी मी मागची भिंत पाडायचं ठरवलं होतं. पडवीही चिऱ्याची करून टाकू म्हटलं, म्हणजे काम कायमचं मिटेल. चिरे आणून अंगणात रचले होते. बायने मला हाताला धरून मागे नेलं. भिंतीला जागोजागी करंगळी जाईल एवढी भोकं होती. आम्ही दोघं उकिडवे बसलो. थोड्या वेळाने एक निळ्या पट्ट्यांची आली, भिंतीसमोर जरा तरंगली, आणि नेमकी एका भोकात शिरली.

"तुज्या भिंतीत रवतत," बाय म्हणाली. "शेजारीशेजारी, पन परतेकीचा घर वेगळा. मॅडम म्हणता, खंयचीय भिंत तेंका चलना नाय. माती तशी होयी. लय कठीण नको, लय भुसभुशीत नको."

मी भिंतीवरून हात फिरवला. मग चिऱ्यांवर पेंढा टाकून ठेवला. ते अजून तिथेच आहेत, शेवाळ चढलंय. शिरोड्याच्या बाजारात मी सांगायला लागलो की लोकांच्या भिंती सिमेंटच्या, माझ्या भिंतीला माशांनी पसंत केलंय. लोक हसायचे. मी बायचंही सांगायचो. म्हणायचो, दोडामार्गापासून मालवणापर्यंत अशी दुसरी बाई दाखवा. कोणी दाखवली नाही.

बायचं घर सारवणं बघण्यासारखं असायचं. शेणाचा हात फिरला की जमीन आरशासारखी. पण मागची भिंत ती सारवायची नाही. शेणाने भोकं बुजतात म्हणून. ज्या भोकात ये-जा आहे त्याच्या बाजूला चुन्याचा ठिपका द्यायची, म्हणजे कुठे राबता आहे ते कळतं. चतुर्थी असो, दिवाळी असो, घर लखलखीत आणि मागची भिंत ठिपक्याठिपक्यांची.

शेजारची सावित्रीकाकी एकदा म्हणाली, "गो बाय, सगळा घर झळाळता आनी मागची भिंत देवी इल्यासारकी दिसता."

"काकी, थंय दादाचे भाडेकरू रवतत."

"भाडा काय देतत?"

"वांगी," बाय म्हणाली, आणि काकीच्या ओटीत चार घातली.

काकीने ते थट्टा समजून सोडून दिलं.

एकदा सांज होताना बायने मला आणि लक्ष्मीला तुळशीकडे बोलावलं. मागच्या वर्षीची एक सुकी काडी तिने मुद्दाम ठेवली होती. त्या काडीला निळ्या पट्ट्यांच्या माशा ओळीने लटकल्या होत्या, पायांनी नाही, तोंडाने काडी धरून. झोपल्या होत्या.

"हे बापये," बाय म्हणाली. "भिंतीत फकत बायलो आनी तेंची पोरा. बापये भायर निजतत."

"बायलांनी भायर काढल्यानी आसतले," लक्ष्मी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

असे आमचे बरे दिवस होते.

मग भातकापणी आली. बाय आमच्याबरोबर कुणग्यात, भाताच्या वाफ्यात, उतरली होती, गुडघ्याएवढं पाणी अजून साठलेलं. आठवडाभराने ताप आला. अंग दुखणं आम्हाला कापणीचंच वाटलं. डॉक्टरने डोळे बघितले आणि तसंच गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. लेप्टो, शेतातल्या साठल्या पाण्यातून चढणारा ताप. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत केलं, त्यांना मी बोल लावणार नाही. बाय हळदीसारखी पिवळी झाली होती. शुद्धीवर होती तेव्हा मी तिला गावच्या गोष्टी सांगायचो, भात घरात आलं, म्हैस व्याली.

"दादा," ती म्हणाली, "भिंत कोण सारवूक नको हां. आता आत पोरा आसत. भोकात पीठ भरून, वर अंडा घालून, दार लावन घेतल्यानी. तेंका भायर येवक वाट होयी."

"कोण सारवना नाय. तू घराक चल आनी तूच राखण कर."

"वयनीक सांगून ठेव."

सांगतो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. घरी आणली ती तशी.

बायला मूल नव्हतं, म्हणून सगळं मी केलं. दहाव्या दिवशी आम्ही पुरुष नदीवर गेलो. पिंड ठेवला. समोर माडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. लोक पुढे होऊन बोलायला लागले. कोणी म्हणालं, बाय, तुझ्या वस्तू नीट ठेवू. कोणी म्हणालं, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. ऊन चढलं. कावळे तिथेच. मग मी पुढे झालो. आमच्या वाडीत या शंकरच्या शब्दाला किंमत आहे हे तिलाही ठाऊक होतं.

"बाय," मी म्हटलं, "भिंत तशीच रवतली. कोण सारवचो नाय. मी शब्द देतंय."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. मला तिथे उभं राहवेना. पाण्यात जाऊन तोंड धुतलं.

घरी आलो तर दारातूनच ओल्या शेणाचा वास आला. आम्ही नदीवर असताना बायका घर शुद्ध करतात, ती रीतच आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, सगळं हिरवंगार ओलं. मी थेट मागे गेलो.

भिंत सारवलेली होती. पायापासून वाशापर्यंत. इतकी सुंदर की बोटांचे अर्धचंद्र एकाशेजारी एक, एकही वाकडा नाही. एक ठिपका दिसत नव्हता. आणि भिंतीसमोर त्या तरंगत होत्या. येत होत्या, आपल्या भोकाच्या जागी थांबत होत्या, भिंतीला टेकत होत्या, परत मागे होत होत्या. बाहेर गेलेल्या बायका पायांना पीठ लावून घरी आल्या होत्या आणि घर नव्हतं.

लक्ष्मी कोपऱ्यात उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "मी सांगलंय," ती म्हणाली. "ती भिंत सोडा म्हणान सांगलंय. माजा कोण आयकाक नाय."

सावित्रीकाकी हात धूत होती. कोपरापर्यंत शेण. बायला शेवटची आंघोळ हिनेच घातली होती. सकाळपासून त्या वयात वाकून वाकून तिने ही भिंत एकटीने सारवली होती, इतर बायकांना हात लावू दिला नव्हता.

"अर्धा घर सारवून ठेवतत काय रे?" काकी म्हणाली. "मेलेल्या माणसाचा घर अर्धा ठेवला तर तिका फुडे वाट गावाची नाय. आनी ही भिंत तिका जन्मभर जमाक नाय. मनातसून लाजत होती आसतली बिचारी, म्हणान थट्टा करी. मी म्हटलंय, गो बाय, तुजा रवलेला मी करतंय."

तिच्यावर मी काय ओरडणार होतो? मी घमेल्यात पाणी घेतलं आणि नारळाच्या काथ्याचं एक सोडण उचललं. काकीने माझा हात धरला.

"शंकर, आता हात लावू नको. शुद्ध केलेला उकरलंस तर ती वाटेतसून माघारी फिरतली."

मी तिच्याकडे बघितलं. मागे त्या माशांचा आवाज चालू होता.

"फिरूंदे," मी म्हटलं. "माघारी इली तर येवंदे. तिचाच घर आसा."

काकीने हात सोडला. पदर तोंडाला लावला आणि गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, वाटेने निघून गेली.

शेण अजून ओलं होतं. सोडण भिजवून मी हलक्या हाताने पुसायला लागलो. जोर लावला तर माती सुटते, आणि ती माती मला ठाऊक आहे. लक्ष्मी पाणी आणून देत होती. पुसता पुसता एक पांढरं दिसलं. बायचा ठिपका. मग दुसरा. जिथे ठिपका तिथे बाजूला झावळीचा हीर, म्हणजे काडी, फिरवून भोकातलं शेण बाहेर काढायचं. काही भोकं मोकळी झाली. काहींत शेण आतपर्यंत दाबलं गेलं होतं, काकीचा हात पक्का होता. एक माशी माझ्या मनगटावर बसली, चावली नाही, मी वाट मोकळी करेपर्यंत बसून राहिली आणि आत गेली. बाकीच्या बऱ्याच जणी इकडून तिकडे फिरत राहिल्या, आणि ऊन गेल्यावर त्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी थोड्याच आल्या. तिसऱ्या दिवशी त्याहून थोड्या.

तेराव्याला सावित्रीकाकी जेवायला आली नाही. तिच्या मागून आणखीही काही बायका आल्या नाहीत. वाडीत बोलणं झालं की शंकरने बहिणीचं शुद्ध केलेलं घर उकरलं. मी कोणाला समजावायला गेलो नाही.

मॅडमला फोन केला तेव्हा ती येऊन बसली. भिंतीसमोर बराच वेळ होती. म्हणाली, "आत जी पिल्लं जिवंत आहेत ती बाहेर येतील. किती ते मला सांगता येणार नाही. आता फक्त थांबायचं." मग म्हणाली, "ठिपके सरळ ओळीत द्यायला मीच तिला सांगितलं होतं. तिने कधी ऐकलं नाही."

थंडीत काही बाहेर आल्या. थोड्या. मग उन्हाळा गेला, पाऊस ओसरत आला. मी भिंतीकडे रोज जायचो. लक्ष्मीने वांग्याची रोपं लावली होती, बायच्याच जागेत. चतुर्थीच्या आधी लक्ष्मी घर सारवायला बसली तर गडग्यावरून सावित्रीकाकी आली. वर्ष होत आलं होतं. तिने शेणात हात घातला. मागच्या पडवीची जमीन भिंतीच्या पायापर्यंत सारवली आणि तिथे थांबली.

"भाडेकरू इले काय रे?" माझ्याकडे न बघता तिने विचारलं.

"अजून नाय."

नंतर एका सकाळी मी वांग्यात बसलो होतो. एका फुलावर काहीतरी टेकलं. मी घाई केली नाही. पंख बघितले, चार. मिशा लांब. अंगावर लव, पायांना पिवळं पीठ. पोटावर निळे पट्टे. तिने फुलाला मिठी मारली आणि सुर्रर केलं. पीठ सांडलं. मी सगळं बरोबर ओळखलं होतं, एकही चुकलं नव्हतं. मी तिच्या मागून भिंतीपर्यंत गेलो. ती जरा तरंगली आणि एका भोकात शिरली.

"बाय, गो," मी वळून म्हटलं, "बघ, मी वळाकलंय."

पडवीत कोणी नव्हतं. मी चुना कालवला आणि भोकाच्या बाजूला ठिपका दिला. माझा ठिपका मोठा झाला आणि खाली ओघळला.

वांगी यंदा झाडावर मोजकीच धरली. पहिली चार मी सावित्रीकाकीकडे घेऊन गेलो. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती.

"ह्या काय?"

"भाडा."

तिने वांगी ओटीत घेतली. बराच वेळ त्यांवरून हात फिरवत राहिली. मग हळूच विचारलं, "शंकर, तू ता उकरलंस तेच्यानंतर... ती माघारी इली काय रे? कधी दिसली, कायेक आवाज, काय?"

मी तिच्या शेजारी बसलो. वर्षभर मीही हेच बघत होतो. रोज मागे जायचो ते काय नुसत्या माशांसाठी जात नव्हतो.

"नाय गो काकी," मी म्हटलं. "मी वाट बघलंय. माशी इली. ती काय इली नाय."